पाहुण्यांची गाडी

गाडी मागे घेताना कुणाला तरी मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणावं लागतं, आणि गाडी पाहुण्यांची असली तर ते काम घरच्या कर्त्या माणसाचं. गाडीत मागचं दाखवणारा कॅमेरा असो नाहीतर आणखी काही असो. कॅमेऱ्याच्या भरवशावर पाहुण्यांना जाऊ देणारा माणूस वामनरावांच्या मते माणूसघाणाच. त्यातून हे पाहुणे साधेसुधे नव्हते. अमरावतीहून वामनरावांच्या लेकीला, वर्षालीला, पाहायला आले होते.

वामनरावांची हिवरखेडला पिठाची चक्की आहे. गावात त्यांच्या शब्दाला वजन. हुंडा घेणाऱ्याच्या लग्नात मी जेवत नाही, हे ते दळण घेऊन आलेल्या बायांनाही ऐकवायचे, बायांनी विचारलेलं नसताना. पण मुलीला पाहायला लोक येऊन बसले की भल्याभल्यांचा ताठा उतरतो, तसा त्यांचाही उतरला होता. सकाळपासून ते ज्या त्या गोष्टीला हसत होते.

मुलाची मावशी पोहे खाता खाता म्हणाली, "बेटा, जरा दारापर्यंत चालून दाखव."

वर्षाली अकोल्याला औषधाच्या दुकानात दिवसाचे दहा तास पायावर उभी राहून कमावणारी मुलगी. तिनं बापाकडे पाहिलं. बापानं पोह्यातल्या शेंगदाण्यांकडे पाहिलं. ती दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. मग मुलाचे वडील म्हणाले, "आम्हाला काही नको. मुलगी आणि नारळ, बस." हे ऐकून वामनरावांचे डोळे भरून आले, आणि मघाचं चालणं ते तिथल्या तिथे विसरले.

जाताना गाडी कुलदीप, म्हणजे मुलगा, स्वतः चालवत होता. बोळ अरुंद, एका अंगाला नाली. वामनराव मागे उभे राहून हात हलवत होते. तेवढ्यात मावशीनं खिडकीतून डोकं काढून "येतो बरं" म्हटलं, वामनरावांनी तिच्याकडे वळून हात जोडले, आणि मागचं चाक त्यांच्या उजव्या पावलावर चढलं. चूक कुणाची म्हणाल, तर हात जोडणाऱ्याचीही होती आणि गाडी चालवणाऱ्याचीही होती. त्यांनी काचेवर थाप मारली तशी गाडी पुढे सरकली आणि कुलदीप उतरून धावत मागे आला.

"काका, लागलं का?"

"काही नाही, काही नाही. चपलेवरून गेलं. निघा तुमी, उशीर होऊन राहिला."

एक हात भिंतीला टेकवून आणि दुसरा हलवत ते हसत उभे राहिले, ते गाडी वळणाआड जाईपर्यंत. मग नालीच्या काठावर मटकन बसले. बायको पार्वताबाई बाहेर आली तेव्हा पाऊल चपलेत मावत नव्हतं.

"काहून बसले जी? गाडी त नाही ना लागली?"

"चूप राह्य. पोरीले काही सांगू नको."

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कसं झालं हे? पार्वताबाईनं तोंड उघडायच्या आत वामनराव म्हणाले, "मोरीत घसरलो." कागदावर तसंच चढलं. दोन हाडं मोडली होती. आत प्लेट टाकून स्क्रू कसले. "सोयरीक व्हायची हाय," ते बायकोला म्हणाले, "पह्यल्याच दिवशी पाहुण्यायचं नाव पोलिसात देऊ काय?" वर्षाली घर-दुकान-दवाखाना करत होती, तिलाही त्यांनी मोरीच सांगितली.

सोळाव्या दिवशी नत्थुजींचा निरोप आला. नत्थुजी या सोयरिकीतले मध्यस्थ. पत्रिका जुळत नाही, असं अमरावतीवाल्यांनी कळवलं होतं.

त्या दिवशी पार्वताबाईला राहवलं नाही आणि तिनं लेकीला खरं काय ते सांगून टाकलं. वर्षाली बापावर ओरडली नाही, रडलीही नाही. पुढच्या सुट्टीला त्यांना गाडीत घालून अकोल्याच्या जुन्या शहरात उज्माकडे घेऊन गेली. उज्मा तिची बारावीपर्यंतची मैत्रीण, आता वकिली करते. तिचं ऑफिस बांगड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. वामनरावांना जिना चढवेना, म्हणून तीच फाईल घेऊन खाली आली आणि दुकानाच्या बाकावर त्यांच्याजवळ बसली.

"काका, मोटार अपघाताचं एक कलम आहे, त्यात चूक कोणाची हे विचारतच नाहीत," ती म्हणाली. "गाडी रस्त्यावर होती, तिच्यानं हाड मोडलं, बस. अडीच लाख. तुमची चूक असली तरी देतात. फक्त सहा महिन्यांच्या आत अर्ज करा लागते."

वामनरावांना हायसं वाटलं. कुणाकडे बोट न दाखवता काम होत असेल तर ते त्यांच्या स्वभावाला मानवणारं होतं.

"पण दवाखान्यात मोरीत घसरलो असं काहून सांगितलं, हे विचारतील. पोलीस विचारतील अन् समोरचा वकील तर खोदून खोदून विचारीन."

चूक विचारली असती तर परवडलं असतं. चूक कुणाच्याही हातून होते. हे मात्र त्यांनी ठरवून, हसत हसत केलं होतं, आणि याचं कारण कोर्टात उभं राहून सांगायचं म्हटल्यावर त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

वर्षालीनं फोन उज्मापुढे धरला. पाहून गेले त्याच संध्याकाळी कुलदीपनं तिला विचारलं होतं, 'काकांचा पाय खरंच ठीक आहे ना? मला चाक चढल्यासारखं वाटलं.' खाली तिचं उत्तर होतं, 'बाबा म्हणतात गाडीनं काही झालं नाही.' वामनरावांनी दोन्ही ओळी वाचल्या. आपलं खोटं पोरीच्या तोंडून, तिला न कळता, वदवून घेतलं आपण, हे त्यांना तेव्हा समजलं.

त्या दिवशीच्या एका फोटोत गाडीचा नंबर आला होता. उज्मानं तो मोबाईलवर टाकून पाहिला आणि म्हणाली, "विमा संपून दोन महिने झाले होते. आता कंपनी नाही, गाडीच्या मालकालाच भरा लागतील. कुलदीपच्या वडिलांना."

"मंग राहू दे बेटा," वामनराव घाईनं म्हणाले. "कोनाच्या खिशातून काढा कायले."

"नाही," वर्षाली म्हणाली. तेवढंच.

मग पुढचं सगळं झालं. ठाण्यात जमादारानं मोरीचं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा वामनराव जमिनीकडे पाहत बोलले. सरकारी दवाखान्यात दाखल्यासाठी डॉक्टर म्हणाला, "त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा." रांगेतली माणसं पाहत होती. डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे नाही, फक्त पावलाकडे पाहत होता. भिंतीपर्यंतच्या सात-आठ पावलांत वामनरावांना आपल्या घरचा तो दरवाजा, ती मावशी आणि मधून चालणारी पोर, सगळं दिसलं. शेंगदाणे मोजत बसलेला बापही दिसला. परतताना त्यांना घाम फुटला होता. डॉक्टरला वाटलं, दुखतंय.

नोटीस अमरावतीला पोचली आणि आठवड्याच्या आत नत्थुजी पेढे घेऊन चक्कीवर हजर.

"दुसऱ्या गुरुजीले दाखवली पत्रिका," ते म्हणाले. "छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण. पह्यल्यानं पाह्यतानाच घोळ केला होता."

"असं?"

"त्यायले आताही काही नको. मुलगी अन् नारळ. फक्त ते कागद तेवढे मागे घ्या. सोयऱ्यासोयऱ्यात कोर्ट शोभते काय?"

वामनरावांनी विचार करायला वेळ मागायला हवा होता. निदान, पोरीला विचारतो, एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण मुलीच्या बापाचं तोंड त्याच्या आधी बोलतं. "हाव," ते म्हणाले, आणि पेढा तोंडात टाकला. लगेच पार्वताबाईला हाक मारली, मंगल कार्यालयाला फोन केला, पुतण्याकडून पाहुण्यांची यादी लिहून घेतली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना पायाची आठवण राहिली नाही. वर्षालीला फोनवर पार्वताबाईनंच सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. पोरगी लाजली असेल, असं दोघांनी एकमेकांना सांगितलं.

पाचव्या दिवशी रविवार होता. वर्षाली आली आणि नेहमीसारखी चक्कीवर बसली, कारण वामनरावांना आता फार वेळ उभं राहवत नाही. दोन बाया गव्हाचे डबे घेऊन थांबल्या होत्या. एकीचं दळण झालं तशी वर्षालीनं मशीन बंद केली. दुसरा डबा ओतला नाही.

"बाबा, कोर्टातून किती भेटनार होते?"

"अडीच लाख. तुले त माहीत हाय."

"अन् ते आता त्यायले द्या लागनार नाही."

"आता कायले लागते? आता ते सोयरे झाले."

"म्हणजे त्यायचे अडीच लाख वाचले."

"हाव. म्हणजे तसंच."

"मंग हुंडा दिला ना तुमी," वर्षाली म्हणाली. "नगदी नाही दिला, पायानं दिला. पण दिला."

तिच्या आवाजात राग नव्हता. हिशोब विचारावा तशी ती बोलली होती, आणि म्हणूनच वामनरावांना तोंड लपवायला जागा उरली नाही. डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईनं पदर सावरला आणि रस्त्याकडे पाहिलं. हुंड्याच्या लग्नात मी जेवत नाही, हे तिनंही या चक्कीवर दहा वेळा ऐकलं होतं.

"तुमी म्हणत असाल तर मी करते लग्न," वर्षाली पुढे म्हणाली. "कुलदीप वाईट नाही. त्यानं विचारलं त होतं. पण काहून झालं हे मले माहीत असन. त्यायलेही माहीत असन. तिथं मी रोज कशी राहू, तेवढं सांगा."

 वामनरावांना फक्त एवढं कळलं की आपल्याला सोयरीक मिळाली नव्हती, आपण ती विकत घेतली होती, आणि घेताना भाव विचारायचीही शुद्ध आपल्याला नव्हती. त्यांनी फोन काढला. बाया जाईपर्यंत थांबावं असं वाटलं, पण थांबलो तर होणार नाही, हेही कळत होतं.

"नत्थुजी, त्यायले नाही म्हणून सांगा. कागद मागे घेत नाही."

"अजी, काहून? कारण काय सांगू मी?"

"सांगा का, चाक पायावरूनच गेलं होतं. मी खोटं बोललो. पोरीचा बाप हाओ म्हणून भेलो अन् खोटं बोललो. तिकडं आता कोर्टातही हेच सांगीन."

 फोनचा आवाज मोठा होता आणि मशीन बंद, त्यामुळे पुढचं सगळ्यांनाच ऐकू आलं.

"वामनराव, पाच दिवस झाले तुमी हाव म्हणून. मंग पाच दिवस काय करून राहिले होते तुमी?"

वामनरावांनी वर्षालीकडे पाहिलं.

"खुश होतो," ते म्हणाले.