न कापणारी कात्री

ड्रायव्हरने चिमट्याने कात्री व्हिनेगरमधून वर उचलली, उजेडात इकडून तिकडून फिरवून पाहिली आणि पुन्हा ताटलीत सोडली. ताटलीच्या तळाशी विटकरी गाळ साचला होता.

"अहो, हा आंबूस वास अजून किती दिवस सोसायचा?" बायकोने ओट्यावरून विचारलं. "द्या ना ती भंगारात."

"मुरायला वेळ लागतो."

"कात्री आहे ती. लोणचं नाही."

लांब पल्ल्याच्या बसवर उभी हयात काढून तो निवृत्त झाला, आणि रिकाम्या हातांना करायचं काय, हे कळेपर्यंत घरातल्या लोखंडावर त्याची नजर गेली. आधी दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या झाल्या. मग काळ्या बुडाची पातेली. चहाची किटली तर त्याने एवढी घासली की बायको म्हणाली, "आता हिच्यात चहा करू की भांग पाडू?" पण त्याला त्यात गंमत वाटू लागली होती. गंजाखालून काय निघेल ते आधी सांगता येत नाही, आणि इतकी वर्षं त्याला पुढचा प्रत्येक थांबा पाठ असायचा.

कात्री माळ्यावरच्या डब्यात सापडली होती. डब्यात मोडकी कडी, वाकलेले हूक, नळाची मूठ असला पसारा होता. तळाशी मेणकापडात गुंडाळलेली ही भलीमोठी कात्री. दोन्ही पाती गंजून एकमेकांना चिकटलेली. बाकीचं सगळं नुसतं टाकलेलं होतं, आणि हीच तेवढी गुंडाळलेली. भंगार कोणी असं जपून बांधून ठेवतं का, हा विचार काही त्याच्या डोक्यातून जाईना.

"कुणाची गं ही?" त्याने त्याच दिवशी विचारलं होतं.

"असेल कुणाची तरी," ती म्हणाली, आणि नळ मोठा सोडून भांडी विसळू लागली.

बायकोने वासावरून टोकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने कात्री ताटलीतून काढली आणि खिडकीखाली वर्तमानपत्र पसरलं. तारेच्या ब्रशने पाती घासली, मुठीच्या बेचक्या जुन्या टूथब्रशने खरवडल्या, स्क्रूवर रॉकेलचे थेंब सोडले. काळंकुट्ट पाणी ओघळलं. बऱ्याच वेळाने पाती खट् करून सुटली, तसा तो एकटाच हसला. दगडावर धार लावली, मशीनचं तेल दिलं. कात्री अशी लखलखली की खिडकी तिच्यात दिसावी.

त्याने वर्तमानपत्राची कड पात्यांत धरली आणि दाबलं. कागद कापला गेला नाही. तो दुमडून पात्यांच्या मधे जाऊन बसला.

पुन्हा धार लावली. नखावर तपासली, तर नखाचा बारीक भुगा निघाला. स्क्रू आवळला. कागद पुन्हा दुमडला.

तो विचारात पडला. इंजिन ठीक, ब्रेक ठीक, टाकीत तेल, आणि तरी गाडी नीट चालत नसेल, तर दोष चालवणाऱ्याचा. त्याने घरातली रोजची कात्री आणून शेजारी ठेवली. दोन्ही उघडल्या. मिटल्या. पुन्हा उघडल्या. मग त्याच्या लक्षात आलं. हिचं वरचं पातं तिच्यात खाली होतं. एक कात्री दुसरीच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखी होती.

त्याने कात्री डाव्या हातात घेतली. बोटं वेडीवाकडी पडली, पण कागद कराकरा कापला गेला.

बायकोला हाक मारावी म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. ती ओट्याशी कांदा चिरत होती. उजव्या हाताने, हळूहळू, खालचा ओठ दातात धरून. हा ओठ त्याने रोज पाहिला होता. बायकोचा कामाचा हात जरा मंद आहे, असंच तो धरून चालला होता. तिने शिवलेले पडदे खाली तिरके व्हायचे, तेव्हा पाहुण्यांना तो हसत हसत सांगायचा, "आमच्या घरात सरळ रेघेला बंदी आहे." पाहुणे हसायचे. तीही हसायची.

तो दिवसभर तिचे हात पाहत राहिला. बरणीचं झाकण डाव्याने फिरलं. केसांची पिन डाव्याने लागली. संध्याकाळी तिच्या हातून चमचा निसटला, आणि उजवा जागचा हलायच्या आत डाव्याने तो वरच्या वर झेलला. मग तिने तो उजव्या हातात दिला, एखादी चुकून हाती आलेली वस्तू ज्याची त्याला परत करावी तसा.

"काय टक लावून बघताय?" ती म्हणाली. "माझ्या चेहऱ्याला काही लागलंय का?"

"चेहऱ्याकडे नाही बघत."

"मग?"

त्याने एक विरलेली चादर टेबलावर पसरली. तिच्यावर कात्री ठेवली, मूठ बायकोच्या डाव्या हाताशी येईल अशी.

तिने कात्रीकडे पाहिलं. मग टॉवेलला हात पुसले, कात्री उचलली, एकदा उघडून मिटली.

"स्क्रू फार आवळलाय," ती म्हणाली, आणि नखाने तो किंचित सैल केला.

मग तिने चादरीला पातं लावलं. दोनदा चावा घेतल्यासारखा आवाज झाला आणि पुढे कात्री उघडझाप न करता नुसती सरकत गेली. खडूची खूण नाही, पट्टी नाही. चादरीचे दोन भाग झाले, आणि त्या कडेवरून चाक गेलं असतं तरी डळमळलं नसतं.

"गणवेशाच्या कारखान्यात होते ना, तेव्हाची," ती म्हणाली. "कापायच्या टेबलावर मी एकटीच डावखुरी. कटिंगच्या मास्तरांनी मुद्दाम मागवून दिली होती."

"मला कधी बोलली नाहीस."

"आल्या आल्या सासूबाईंनी सांगितलं, या घरात डावा हात चालत नाही. वाईट नव्हत्या हो त्या. त्यांना तसंच शिकवलेलं. मी म्हटलं, हातच तर आहे, वळेल."

"वळला?"

"अर्धा."

"पण आई जाऊनही कितीतरी वर्षं झाली."

"तोवर डाव्याची सवय मोडली होती, आणि उजव्याला काही धड जमलं नाही." ती कापलेल्या कडेवरून बोट फिरवत होती. "दोन्ही थांबे चुकलेल्या प्रवाशासारखं झालं बघा."

त्याची नजर खिडकीकडे गेली.

"पडद्यांचं मनात आलं ना?" ती म्हणाली. "राहू द्या. ते वाकडेच होते."

रात्रीचं जेवण तिने नेहमीसारखंच वाढलं. टेबल भिंतीला लावलेलं होतं; ती भिंतीलगत बसायची, भिंत तिच्या उजव्या हाताला, आणि तो तिच्या डावीकडे. तिने चमचा उचलला तो डाव्या हाताने, आणि दुसऱ्याच घासाला तिचं कोपर त्याच्या कोपरावर आदळलं. त्याच्या चमच्यातलं सगळं टेबलावर सांडलं.

"चुकलं," ती म्हणाली, आणि चमचा उजव्या हातात घेतला.

तो उठला. आपलं ताट त्याने ओट्यावर ठेवलं आणि टेबलाची कड धरून ते भिंतीपासून ओढलं. टेबलाचे पाय फरशीवर करकरले, पाण्याचा तांब्या हिंदकळला. तीही खुर्चीसकट टेबलाबरोबर सरकली, आणि भिंतीपाशी धुळीची एक लांब रेघ उघडी पडली. त्याने खुर्ची उचलून तिच्या उजवीकडे नेली, त्या नव्या फटीत कशीबशी घुसवली आणि पोट आत ओढून बसला.

टेबल आता खोलीच्या मधोमध आलं होतं. तिने ओट्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"जायला-यायला वाटच राहिली नाही हो."

"वळसा घालून जाऊ," तो म्हणाला. "माझं ताट तेवढं दे."

तिने डावा हात लांब केला आणि ताट त्याच्या पुढ्यात ठेवलं.