फालेमोआचा ज्ञानपट्टा

फालेमोआच्या सभाघरात त्या सकाळी इतकी माणसं दाटली होती, की एकाने श्वास घेतला तर शेजाऱ्याला सोडावा लागे. सामोआतल्या सभाघरांना भिंती नसतात, नुसते खांब. तेव्हा उरलेलं गाव खांबांना लोंबकळत होतं, आणि खांबही न मिळालेली डुकरं मागे उभी होती. पुढे खुर्चीत नऊ वर्षांची मासिना बसलेली, गर्दीकडे तोंड करून. कपाळावर निळा दिवा लुकलुकणारा पट्टा. तिच्या पाठीमागे दोन खांबांना ताणलेली पांढरी चादर आणि चादरीवर यंत्रातून उमटणारे आकडे.

"सात सक किती?" पेनिआमिनाने विचारलं आणि खटका दाबला.

चादरीवर छत्तीस उमटले. टुंग. चाळीस. टुंग. बेचाळीस. टुंग.

"हेच," मासिना म्हणाली. तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नव्हतं.

गाव गहिवरलं. मासिनाला वाचता येत नाही, हे डुकरांनाही ठाऊक होतं.

पेनिआमिना याच बेटावर वाढला, ऑकलंडला गेला आणि आठवड्यापूर्वी परतला, तो वर टाय, खाली लुंगीसारखा गुंडाळलेला लावालावा आणि डोळ्यांवर काळा चष्मा अशा थाटात. "मंडळी, ज्ञान म्हणजे लहरी," तो सांगत होता. "समुद्राच्या लाटा किनाऱ्याला लागतात, तशा या कपाळाला लागतात. फळा नको, पाठांतर नको, बाईंची छडी नको. पट्टा बांधा, पोरगी पंडित."

"आमच्या म्हाताऱ्याला बांधला तर?" लुपे आजीने विचारलं. "त्याला काल ठेवलेलं जाळं आज सापडत नाही."

"आजी, त्यांना दोन लागतील."

सगळे हसले. पहिल्या रांगेत बसलेल्या मुख्याध्यापिका फुआतिनोबाई तेवढ्या हसल्या नाहीत. यंत्राशी त्यांचं वैर नव्हतं. शाळेत पहिला संगणक आला तेव्हा त्याला फुलांची माळ त्यांनीच घातली होती. पण त्या म्हणत, यंत्र म्हणजे वल्हं; होडी पुढे जाते ती वल्हवणाऱ्यामुळे. मासिना रोज दुपारी त्यांच्या वाचनवर्गाला येई. एकेका अक्षराशी आठवडाभर झटापट करी, रडे, पण येई. पट्टा बांधल्यापासून ती फिरकली नव्हती आणि तिच्यामागून बाकीची पोरंही पांगली होती.

"तर मग मानकरी," पेनिआमिना वळला, "आजपासून वाचनवर्ग बंद आणि त्या खोलीत पट्टे. ठरलं ना?"

गावचे मानकरी तुइलागी यांनी भुवया उंचावल्या. फालेमोआत होकारासाठी कुणी जीभ झिजवत नाही. भुवया वर गेल्या म्हणजे हो.

"आधी रग्बीचं विचारा," मागून कुणीतरी ओरडलं. "मागच्या वर्षीची अंतिम लढत कोण जिंकलं?"

पेनिआमिनाने दोन्ही गावांची नावं यंत्रात घातली. वाइलोटो. टुंग. मासिना गप्प. फालेमोआ. टुंग.

"हेच."

गावाने आनंदाच्या भरात सभाघराचं छप्पर उचललं आणि थोडं समुद्राकडे सरकवून परत ठेवलं.

बाई मात्र चमकल्या. कप वाइलोटोच्या शाळेत होता. काचेच्या कपाटात तो त्यांनी स्वतः पाहिला होता. फालेमोआने ती हार कधी मानली नाही, पंच आंधळा होता म्हणून. पण ती समजूत फालेमोआची. ऑकलंडच्या लहरींना आमच्या पंचाचं काय सोयरसुतक?

पुढच्या प्रश्नाला त्यांनी मासिनाकडे पाहिलंच नाही. मान वळवून गावाकडे पाहिलं, आणि त्यांना इतकं हसू फुटलं, की ते झाकायला पंखा तोंडावर धरावा लागला.

"मानकरी," त्या उठून म्हणाल्या, "एवढं मोठं कार्य, आणि प्रार्थनेवाचून? यंत्राला आशीर्वाद नको?"

गाव ओशाळलं. पाद्रीबुवा टपलेलेच होते. त्यांची प्रार्थना भरतीला सुरू झाली की ओहोटीला संपे. सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या.

"चालू द्या, बुवा," बाई हळूच म्हणाल्या. "त्याच आशीर्वादात एक प्रश्न होऊन जाऊ दे. वर्षाचे महिने किती?"

पेनिआमिनाला नाही म्हणता येईना. दहा. टुंग. अकरा. टुंग. बारा. टुंग. तेरा. टुंग. मासिना समोर बघत राहिली. समोर नुसते केस, टकलं आणि कानामागे खोवलेली जास्वंद.

"आमेन," बुवा म्हणाले, तेव्हा चादरीवर सव्वीस होते.

"सव्वीस महिने?" लुपे आजीने डोळे उघडले. "तरीच आमच्या म्हाताऱ्याला अक्कल यायला इतका वेळ लागतोय."

"प्रार्थनेमुळे लहरी अडल्या," पेनिआमिना घाईघाईने म्हणाला.

पाद्रीबुवा सावकाश त्याच्याकडे वळले. "देवाचं नाव घेतलं की अडतात? मग बाळा, त्या येतात तरी कुणाकडून?"

पेनिआमिनाने टाय सैल केला.

बाईंनी मासिनाचा पट्टा सोडला आणि तिच्या डोक्यावर नारळाची अर्धी करवंटी पालथी घातली. "आता डोळे उघडे ठेवून बसा," त्यांनी गावाला सांगितलं आणि खटका स्वतः दाबू लागल्या. दहा. अकरा. बारा उमटताच गावभरच्या भुवया पाखरांच्या थव्यासारख्या भुर्रकन वर उडाल्या.

"हेच," मासिना म्हणाली.

"करवंटीतून काय आलं गं?"

"मुंगी."

"आणि पट्ट्यातून?"

"खाज. समोर सगळे हो म्हणतात, मग मी हेच म्हणते."

"अगं, मग आधी का नाही बोललीस?" तुइलागी म्हणाले.

"कुणी विचारलंच नाही."

"म्हणून पोरीचं तोंड तुमच्याकडे आणि पाठ चादरीकडे," बाई म्हणाल्या. "भुवया उडतात हे तुम्हाला कळत नाही, या पेनिआमिनाला पक्कं ठाऊक. तुम्हाला येतं तेच यंत्राला येतं. तुमचं चुकतं तिथे त्याचंही चुकतं. कप वाइलोटोत आहे."

"पण तो पंच..."

"पंचाचं नंतर. आता एक प्रश्न भुवया न हलवता बसाल?"

सगळ्या गावाने भुवया उंचावून होकार दिला. मग एकमेकांकडे पाहिलं, आणि असं हसू लोटलं, की डुकरं जंगलात पळाली.

पेनिआमिनाला तारोचे कंद आणि मासा पोटभर खाऊ घालून बसमध्ये बसवलं. उपाशी कुणाला घालवायची गावाची रीत नाही. लुपे आजीने निळा दिवा तेवढा कोंबड्यांसाठी ठेवून घेतला.

"एवढंच लक्षात ठेवा," बाई जाणाऱ्यांना म्हणाल्या. "चमत्कार दिसला की माना डोलवण्याआधी विचारा, हे होतं कसं? जागा बदलून बघा, डोळे मिटून बघा, आणि पोराबाळांनाही विचारा. जे खरं आहे ते तपासल्याने मरत नाही. वाचनवर्ग चालू राहील ना, मानकरी?"

तुइलागी भुवया आवरून मोठ्याने "हो" म्हणाले. सवय नसल्याने त्यांना ठसका लागला.

खुर्चीत मासिना एकटी उरली होती, करवंटी मांडीवर घेऊन. "बाई, म्हणजे मी हुशार नाहीच ना?"

फुआतिनोबाई तिच्याशेजारी खाली बसल्या. "अख्ख्या गावाचे चेहरे तू एका नजरेत वाचलेस. मलाही ते जमलं नसतं. आपल्या भाषेची अक्षरं तर सतराच आहेत, आणि ती प्रार्थनेलासुद्धा मान खाली घालत नाहीत. दुपारी येशील?"

मासिनाने करवंटीतली मुंगी अलगद खाली सोडली. मग हळूच भुवया उंचावल्या.