म्बूरच्या गल्लीतली चोरलेली परात

मित्रांनो, मी एक जुनी परात आहे. काठाला पोचे आलेत, बूड काळं पडलंय, पण मी गरीब बिचारी वगैरे अजिबात नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म म्बूर शहरात, बाजारामागे, ओतकाम करणाऱ्यांच्या छपरात झाला. फुटक्या किटल्या, मोडकी पातेली, एका बसच्या इंजिनाचं झाकण, असलं सगळं ॲल्युमिनियम वितळवून वाळूच्या साच्यात ओतलं आणि मी निघाले. वितळणं म्हणजे नवा जन्म, असं लोक फार छान बोलतात. त्यांनी एकदा स्वतः वितळून बघावं.

ओर्तांस फाय नवी नवरी होती तेव्हा तिने मला घरी नेलं. नवरा, दीर, सासू, पुढे मुलं, आणि जेवणाच्या वेळी दारावरून जाणारा कुणीही माझ्याभोवती चटईवर बसायचा. माझ्यात मासळीचा भात. प्रत्येकाने आपल्या समोरचंच खायचं. मधला मासा ओर्तांस बोटांनी तोडायची आणि एकेकाच्या पुढ्यात सरकवायची, लहानग्यांना काटे काढून. "या परातीतला भात संपतच नाही," असं सासू म्हणायची. भात संपायचा. कौतुक खोटं होतं, पण मला आवडायचं.

मग मुलं डकारला गेली, एक तर थेट इटलीला. नवरा वारला. ओर्तांस एकटीच ताटलीत जेवू लागली आणि मी कोंबड्यांच्या खुराड्यावरचं झाकण झाले.

कोंबड्यांवर माझा राग नाही. राग आला तो समोरचं अंगण बघून. तिथे राकी थियाम राहते. तिची बहीण गेली आणि बहिणीची मुलंही हिच्या पदरात आली. घरात माणसं वाढली, भांडं तेच राहिलं. आधी धाकटे जेवायचे, मग मोठे. मागून बसणाऱ्यांना भात मिळायचा, मासा नाही. थोरली मुलगी तर रोजच म्हणायची, "मला भूक नाही." आणि मी, एवढी थोरली परात, रस्त्यापलीकडे कोंबड्यांच्या डोक्यावर! याला संसार म्हणायचा की मूर्खपणा?

ओर्तांसलाही ते दिसत होतं. पण राकी मानी बाई. "घे ही जुनी परात" म्हणायचं, म्हणजे "तुझ्याकडे नाही" असं तोंडावर सांगायचं. म्हणून ओर्तांसने युक्ती काढली. गुड फ्रायडेला आमची ख्रिस्ती घरं मुसलमान शेजाऱ्यांना गलाख पाठवतात. बाजरी, शेंगदाणे आणि गोरखचिंचेचा गर घालून केलेली गोड खीर असते ती. ओर्तांसने मला राखेने घासलं, काठोकाठ गलाख भरली आणि राकीच्या दारात नेऊन ठेवलं.

"परातीची घाई नाही गं राकी. राहू दे तुझ्याकडेच."

"बरं, ताई."

त्या दुपारी ते घर पहिल्यांदा एका पंगतीला बसलं. थोरलीला भूक होती, मित्रांनो. चांगली भूक होती!

मी खूश. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राकी मला डोक्यावर घेऊन परत हजर. माझ्यात बाजरीचा सांजा. भरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्या गल्लीची रीत. ओर्तांसने मग भात भरून पाठवलं, तर मी शेंगदाणे घेऊन परतले. मासे घेऊन गेले, आंबे घेऊन आले. ओर्तांस परात देत होती आणि राकीला वाटत होतं, ही खाऊ देतेय. ज्या घरात घासाची ओढाताण, त्याच घरातून माझ्यात भरून येत होतं! देणारीला सांगता येईना, घेणारीला कळेना. शेवटी ओर्तांसनेच हा खेळ थांबवला.

तेवढ्यात गाडा घेऊन भंगारवाला आला. "मावशी, ही द्या. दोन प्लास्टिकचे टब देतो."

"ने बाबा," ओर्तांस म्हणाली, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "ने आणि वितळव. फुकट ठेवून घ्यायलासुद्धा कुणी तयार नाही!" त्याने टब तिच्या हाती दिले आणि मला गाड्यावर टाकलं.

राकी दारात कपडे धूत होती. तिचे हात थांबले. मला वाटतं, त्या क्षणी तिला सगळं कळलं.

आता एक सांगायला हवं. फाय हे आडनाव सेरेर जमातीचं, थियाम हे तुकुलेर जमातीचं. या दोन जमातींनी एकमेकांची हवी तेवढी टिंगल करावी, हातातली वस्तू ओढून घ्यावी, पण रागवायचं नाही, असं वाडवडिलांपासून ठरलेलं आहे.

"ए खादाड फाय!" राकी ओल्या हातांनीच धावली आणि तिने मला गाड्यावरून उचललं. "खाऊन खाऊन परात झिजवलीस, आणि आता मोडीत काढतेस?"

"माझी परात, मी काय वाटेल ते करीन!"

"तुझी? तुम्ही सेरेर म्हणजे आमचे चाकर. चाकराची परात मालकाची!"

"चाकर तुम्ही! ए, ठेव खाली! चोर! सगळे थियाम चोर!"

"चोर तर चोर. हिंमत असेल तर ने परत."

"अहो, पण माझे टब?" भंगारवाला ओरडला.

"टब तिच्याकडून घे. तिनेच दिली म्हणून तर मला चोरावी लागली!"

राकी मला काखेत मारून घरात शिरली. ओर्तांस रस्त्यात उभी राहून "चोर, चोर" ओरडत होती आणि डोक्याच्या फडक्याने तोंड झाकून हसत होती. भेट म्हणून जी मी त्या घरात टिकले नाही, ती लुटीचा माल म्हणून आजही तिथेच आहे.

तेव्हा मित्रांनो, नको झालेली वस्तू उकिरड्यावर फेकण्याआधी समोरच्या अंगणात बघा. फुटकं गळकं देऊ नका, ते देणं नव्हे, आपला कचरा दुसऱ्याच्या घरात लोटणं आहे. धड असेल ते घासूनपुसून द्या. आणि तुमच्या देण्याने समोरच्याची मान खाली जाणार असेल, तर जरा डोकं चालवा. वाट सापडते.

त्या चोरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी राकीने गल्लीपलीकडे हाक मारली, "ए फाय! परातीवर हक्क सांगायचाय ना? मग ये सांगायला, भात निवतोय!"

ओर्तांस चमचा घेऊनच आली. राकीने मासा तोडून तिच्या पुढ्यात सरकवला. "खा, खादाड."

ओर्तांसने त्यातले काटे काढले आणि तो थोरलीच्या पुढ्यात सरकवला.