उधाणाआधी उंच केलेली जीप

मी एक जुनी जीप आहे, आणि जन्मापासून नसले तरी बऱ्याच वर्षांपासून संशयी आहे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर ऐकता ऐकता तुम्हाला वाटेल, ही प्रत्येकाकडे तिरक्या नजरेनंच का बघते? त्याला कारणं आहेत.

माझी सुरुवात चांगली झाली. मी लष्करात होते. तिथे रोज सकाळी मला पुसत, तेल-पाणी बघत आणि मगच बाहेर काढत. बारा वर्षांनी लिलाव झाला. मला घेणाऱ्या व्यापाऱ्याने आठ दिवसांत माझी चांगली बॅटरी काढून मेलेली बसवली, जॅक लंपास केला, गंजावर हिरवा रंग फासला आणि ‘एकदम कडक गाडी’ म्हणून मला विकायला उभं केलं. तेव्हापासून कोणी पाना घेऊन जवळ आला की मी आधी माझे नटबोल्ट मोजते.

१९९० साली मला सुधाकरने घेतलं. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, खाडीकाठी त्याचं गाव. भातशेती आणि थोडी वाडी. पहाटे गावातल्या सात-आठ बायकांना फुलाभाजीच्या टोपल्यांसकट रेल्वे फाटकापलीकडे तुळिंजच्या बाजारात सोडायचं आणि दुपारी बाराच्या सुमारास घरी आणायचं, हे माझं काम. पुढच्या सीटवर कायम भागूबाई. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. दुपारी ती पोचली की मगच त्याची कूस बदलली जाई आणि त्याच्या तोंडात घास पडे.

आता अडचण ऐका. गावाच्या अलीकडे रस्त्याचा एक सखल तुकडा होता. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाचं पाणी भर दुपारी त्यावर चढे. पहाटे ओहोटीत आम्ही कोरड्या जात असू, आणि परत येताना रस्ताच गायब. मग बायका दोन-अडीचपर्यंत अलीकडच्या काठावर बसून राहत. एकदा सुधाकरने धीर करून मला पाण्यात घातलं. मध्यावर माझ्या इंजिनात पाणी शिरलं आणि मी बंद पडले. बायकांनी मांडीएवढ्या पाण्यातून मला ढकललं. भागूबाई घरी पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. नवरा ओल्या अंथरुणात उपाशी पडला होता. ती पदराने तोंड झाकून रडली, आणि ते सुधाकरला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

“भागूबाय, हनुमान जयंतीला तुला बाराला घरी पोचवतो,” तो म्हणाला. “पानी कितीही असो.”

हनुमान जयंती म्हणजे पौर्णिमा, म्हणजे उधाण. शिवाय त्या पहाटे मारुतीसाठी रुईच्या माळांना मोठी मागणी. गावातली एकही बाई घरी राहणार नव्हती. तेव्हा सुधाकरने मला उंच करून घ्यायचं ठरवलं.

चर्चमागच्या वाडीत व्हिन्सेंटचं गॅरेज होतं. जीप उंच करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. चाकांवर माझं सगळं वजन पोलादी पाट्यांनी तोललेलं असतं. ते पाटे काढून जास्त कमानदार करायचे, त्यात एक पट्टी वाढवायची, त्यांना धरणारे दुवे लांब घालायचे, धक्के शोषणारे शॉकअप बदलायचे. मग सांगाडा वर उचलला जातो आणि पाणी पोटाखालून निघून जातं. ऐकायला सोपं आहे. पण एक गोष्ट उंच झाली की तिला जोडलेली प्रत्येक गोष्ट तोकडी पडते, हे फार थोड्या मिस्त्रींना कळतं.

व्हिन्सेंटला ते कळत होतं. त्याची एकच खोड. कामाला घेतलेल्या गाडीभोवती तो बापाच्या होडीचं जुनं शीड पडद्यासारखं लावी आणि आत कोणालाही येऊ देत नसे. पूर्वी एका मिस्त्रीने त्याची मापं चोरून शेजारीच दुकान थाटलं होतं, म्हणून हा पडदा. पण गिऱ्हाइकाला हे कुठे ठाऊक? व्हिन्सेंट कारण सांगत नसे. मुळात तो फारसं बोलतच नसे.

१९९८ चा एप्रिल होता. सोमवारी सुधाकरने मला तिथे सोडलं. गुरुवारी गाडी मिळेल असं ठरलं. शीड खाली आलं तशी मी मनात म्हटलं, झालं, पडद्याआड चांगली कामं कधी होतात का? मंगळवारी त्याने मला लाकडी ठोकळ्यांवर चढवलं, चारही पाटे सोडवले आणि कोणाच्या तरी हातगाडीवर घालून पाठवून दिले. कुठे पाठवले, ते मला सांगायची त्याला गरज वाटली नाही.

नेमकी त्याच दिवशी सुधाकरची बायको मनोरमा विरारच्या मनवेलपाड्यात बहिणीकडे गेली होती. संध्याकाळी ती घरी आली ती धापा टाकतच. हे सगळं मी नंतर तिच्याच तोंडून ऐकलं.

“अहो, आपल्या जीपचे पाटे मी मनवेलपाड्यात बघितले. हातगाडीवर.”

“आपलेच कशावरून?”

“त्यावर तुमच्या हातचा पिवळा रंग होता. दोन गल्ल्या पुढे भंगारवाला आहे. आता तुम्हीच काय ते समजा.”

सुधाकर समजला. जे समजायला नको तेच समजला. बुधवारी तो गॅरेजात आला आणि शीड बाजूला सारून आत डोकावला. व्हिन्सेंटने त्याला हाताने थोपवलं.

“भायेर थांब, सुधाकर.”

“गाडी माझीच हाय ना?”

“हाय. पन काम माझा हाय.”

“पाटे कुठं हायत?”

“येतील.”

एवढंच. मित्रांनो, खरं सांगते, मी सुधाकरच्या बाजूने होते. माझं सामान गेलं होतं आणि हा माणूस ‘येतील’ म्हणत होता.

गुरुवारी सकाळी पाटे आले. काळ्या रंगात न्हालेले, कमानदार, अनोळखी. मी ताडलं की कुठल्यातरी ट्रकचं भंगार माझ्या गळ्यात मारलं जातंय. दिवसभर व्हिन्सेंट माझ्याखाली आडवा होता. संध्याकाळी त्याने जॅक सोडला आणि माझं वजन त्या पाट्यांवर उतरलं. तेव्हा उजवीकडच्या मागच्या पाट्यातली दुसरी पट्टी कुरकुरली. ती कुरकुर मी बारा वर्षं लष्करात आणि आठ वर्षं खाडीकाठी ऐकली होती. ते माझेच पाटे होते. मनवेलपाड्याच्या लोहाराने भट्टीत घालून त्यांना नवा बाक दिला होता, पट्टी वाढवली होती आणि गंज लागू नये म्हणून काळा रंग दिला होता. मला फार लाज वाटली.

तेवढ्यात व्हिन्सेंटची बायको मार्था चहा घेऊन आली.

“झाली ना? मग तेला शनवारचा निरोप कशाला धाडला?”

“पाटे एक दिवस बसाया होवेत,” व्हिन्सेंट म्हणाला. “मंग उंची कळल. तवा ब्रेकचे पाइप मापून लावीन. हे जुने आखूड पडतात. लांब आनून ठेवलेत.” कपातून घोट घेऊन तो हसला. “उद्या गुड फ्रायडे. ती उभी ऱ्हाईल, मी गुडघ्यावर ऱ्हाईन.”

कोणी वाकून चाकांमागे बघितलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं. चाकांकडे जाणारे ते रबरी पाइप सुतळीसारखे ताणले गेले होते.

सुधाकरला मात्र निरोप मिळाला तो फक्त तीन शब्दांचा. शनिवारी दुपारी ये, बस. पण हनुमान जयंती शनिवारीच होती आणि त्याला बायका न्यायच्या होत्या पहाटे. शुक्रवारी तीन वाजता तो आणि मनोरमा गॅरेजपाशी आले. सगळी वस्ती चर्चमध्ये होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी शीड वर केलं तर मी चारही चाकांवर, चांगली वीतभर उंच होऊन उभी.

मनोरमा वाकली. “बघा, रंगवून लपवलेत. आपले पिवळे होते.”

“गाडी तं पुरी झालीय,” सुधाकर म्हणाला. “मंग शनवार कशाला? दुसरा कायतरी काढून घ्यायचा असंल.”

दुसरी चावी त्याच्या खिशात होती. मी सुरू होऊ नये म्हणून फार धडपडले, पण व्हिन्सेंटने माझं इंजिनसुद्धा इतकं नीट जुळवून ठेवलं होतं की पहिल्याच झटक्यात ते सुरू झालं. आयुष्यात प्रथमच मला चांगल्या कामाचा राग आला. ओरडावं म्हटलं तर हॉर्न माझा, पण दाबणारा हात त्याचा.

शनिवारी पहाटे माळांच्या टोपल्यांसह आम्ही बाजारात पोचलो. ब्रेक लागत होते. प्रत्येक खड्ड्यात पाइप ओढला जाई आणि मी जीव मुठीत धरी. माळा नऊच्या आत संपल्या. पावणेबाराला आम्ही सखल तुकड्यापाशी आलो. खाडी रस्त्यावर पसरली होती. सुधाकरने मला पाण्यात घातलं आणि मी चालत राहिले. पाणी माझ्या पोटाला चाटून गेलं, पण इंजिनापर्यंत चढलं नाही. बायका टाळ्या पिटू लागल्या.

“आज म्हाताऱ्याला ऊन ऊन पेज घालीन,” भागूबाई म्हणाली. तिचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता.

पाण्यातून निघून आम्ही बंधाऱ्यावर चढलो. पलीकडे गावाकडे उतार, आणि उताराच्या पायथ्याशी वळणावर खोल तळं. उताराच्या तोंडाशीच पुढचं डावं चाक खड्ड्यात लोंबकळलं. पाइप तुटला. सुधाकरने ब्रेक दाबला, तो थेट तळाला टेकला. त्याने पुन्हा दाबला. ब्रेकचं तेल मातीत सांडत होतं आणि आम्ही सुटलो होतो. हँडब्रेक माझा नावालाच होता. त्याने कसाबसा खालचा गिअर टाकला, वळणाआधी स्टिअरिंग पिळलं आणि मला त्याच्याच खळ्यातल्या पेंढ्याच्या उडवीत घातलं.

कोणी दगावलं नाही. पण भागूबाईचं मनगट समोरच्या लोखंडावर आपटून मोडलं. उजवं मनगट. पेज भरवायचा हात.

लोक धावत आले. सुधाकरच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: “व्हिन्सेंटनं माझ्या गाडीची वाट लावली. चोर हाय तो.” दोघातिघांनी काठ्यासुद्धा उचलल्या.

त्यांना फार लांब जावं लागलं नाही. बंधाऱ्यावरून व्हिन्सेंट उतरत होता, कमरेपर्यंत भिजलेला. सकाळी शीड उचललं तेव्हा गाडी जागेवर नाही हे बघून तो सायकलवर निघाला होता. आधी बाजारात गेला, चुकामूक झाली, मग गावाकडे वळला. पाण्यापाशी सायकल टाकून तो चालत आला होता. डोक्यावर धरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन नवे पाइप आणि पाना होता. त्याने मला पाहिलं, बायकांना पाहिलं आणि पिशवी सुधाकरपुढे धरली.

“पाइप बाकी होते, सुधाकर,” तो म्हणाला. “फकस्त पाइप बाकी होते.”

“आणि पाटे?” मनोरमाने विचारलं. तिचा आवाज आता तसा नव्हता.

व्हिन्सेंटने पान्याच्या टोकाने काळा रंग खरवडला. खालून पिवळा निघाला.

काठ्या कधी खाली गेल्या ते कळलं नाही. व्हिन्सेंटच म्हणाला, “गुन्हा माझा पन हाय. तुला बोललो असतो तं तू नेली नसती.” मग तो पेंढ्यात पाठीवर झोपून माझ्याखाली सरकला आणि कामाला लागला.

भागूबाईचा हात दीड महिना प्लास्टरमध्ये होता. तेवढे दिवस मनोरमा दोन्ही वेळा त्या म्हाताऱ्याला भरवायला जाई आणि सुधाकर त्याची कूस बदली. भागूबाई पुन्हा माझ्यात बसू लागली, पण बसण्याआधी वाट वाकडी करून गॅरेजात जाऊन विचारी, “व्हिन्सेंट, ब्रेक तू बघितला ना?” सुधाकर बाजूला उभा राहून ऐकून घेई. त्याला विचारत नसे ती. पाऊण वर्ष हे असंच चाललं आणि त्याला ते फार जड गेलं. व्हिन्सेंटचं शीड मात्र त्यानंतर परत लागलं नाही. गिऱ्हाईक आलं की तो त्याला ओढून गाडीखाली नेई आणि काय झालं, काय राहिलं ते बोटाने दाखवी.

मी पुढे सात वर्षं धावले. एकाही उधाणाला भागूबाई घरी उशिरा पोचली नाही. आता रस्ता उंच झालाय, रिक्षा थेट गावात येतात, आणि मी शेवग्याखाली उभी आहे. माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालते. तिच्यावरही माझा थोडा संशय आहेच.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी गाडी असेल तर तिच्या ब्रेकचे पाइप वरचेवर बघत जा. आणि कामाला दिलेली गाडी मिस्त्रीच्या तोंडून ‘झाली’ हा शब्द ऐकल्याशिवाय हलवू नका. मनात शंका आली तर त्या माणसाला समोर उभं करून विचारा. सुधाकरला तोंड होतं, मनोरमाला होतं, व्हिन्सेंटलाही होतं. त्या शुक्रवारी तिथे सगळं ठाऊक असलेली मी एकटीच होते, आणि मला तोंड नव्हतं.