पोपटी शर्ट

रंगांच्या बाबतीत रमाकांत फार सोवळा होता. लालबागच्या नाक्यावर त्याचा फोटो स्टुडिओ. तिथे रोज काळेपांढरे चेहरे निघत, त्यामुळे रंगांनी एकमेकांशी भांडायचा प्रश्नच नव्हता. पण पंचावन्नच्या डिसेंबरात बोटीवरच्या एका मित्रानं त्याला रंगीत फिल्मचा रोल आणून दिला. बारा फोटो. धुवायचा म्हणजे पुन्हा त्याच बोटीनं विलायतेला. एका केशतेलाच्या कंपनीला कॅलेंडर हवं होतं, आणि रमाकांतला त्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात आपलं नाव.

नेहमीच्या मॉडेल बाईंचा चेहरा तीन साबणांवर आणि एका बामावर झळकून झाला होता. म्हणून त्यानं समोरच्या चाळीतली मालन निवडली. चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन कोकणातून आलेली, नवरा दौलत गिरणीत. केस गुडघ्यापर्यंत, आणि आपण सुंदर आहोत याचा तिला पत्ताच नाही.

रविवारी सकाळी तिघं राणीच्या बागेत गेले. मागे डाळिंबी बोगनवेल, म्हणून मालनला श्रीखंडी साडी. तीही रमाकांतच्या बायकोची. सगळं जमलं होतं. फक्त दौलत पोपटी शर्ट घालून आला होता. नवाकोरा, दुकानातल्या घड्यांसकट.

"दौलत, तू जरा लांब हो."

"मी कुठं फोटोत आहे, दादा?"

"तू नाहीस, तुझा शर्ट आहे. वहिनींच्या गालावर हिरवी झाक पडतेय."

"ऐकलंस का गं?" दौलत मालनला म्हणाला. "चार महिन्यांनी आता कुठं माझा रंग चढतोय तुझ्यावर!"

तो कॅमेऱ्याच्या मागे, एका अंगाला जाऊन उभा राहिला. रमाकांतच्या कॅमेऱ्यात मान खाली घालून बघावं लागे. काचेत चौकट दिसे, बाकीचं जग नाही.

अकरा फोटो झाल्यावर मालन चाचरत म्हणाली, "भाऊजी, एक आमचा दोघांचा काढा ना. गावच्या लग्नात फोटोवाला नव्हता."

रमाकांतनं बोगनवेलीकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं. "वहिनी, हे दोन रंग एका फोटोत म्हणजे मारामारी. पुढच्या खेपेला याला पांढरा शर्ट घालून आणा. दोघांचा मोठा काढतो."

"सोड गं," दौलत म्हणाला. "मी काय पळून चाललोय?"

बारावा फोटोही मालनचाच निघाला.

जानेवारीत मुंबई पेटली. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देणाऱ्या गर्दीत दौलतही होता. गोळीबार झाला, आणि दौलत चाळीत परत आला तो चौघांच्या खांद्यावरून.

फोटो मार्चमध्ये आले. कंपनीनं कॅलेंडरचा बेत तोवर सोडला होता. असल्या दिवसांत लोकांचं केसांकडे लक्ष नसतं, असं तिचं म्हणणं. रंग मात्र अप्रतिम होते. एकही रंग दुसऱ्याशी भांडत नव्हता.

मालन आली. कपाळ मोकळं.

"भाऊजी, ह्यांचा एकही फोटो नाही. चाळवाल्यांना भिंतीवर लावायचाय. मला दिव्यापुढं ठेवायला. एखाद्यात कोपऱ्यात तरी आले असतील."

रमाकांतनं बाराही फोटो टेबलावर मांडले. कोपरे तपासायची गरज नव्हती. ते त्यानंच साफ ठेवले होते.

"मी हातानं काढून देतो," तो म्हणाला. "चेहरा. रंगवून."

त्यानं कागद ओढला. कॉलर झटकन उतरली. बटणं उतरली, खिशावरची शिवणसुद्धा. तिथून वर गेल्यावर पेन्सिल थांबली.

"नाक... सरळ होतं ना?"

"तुम्ही तर अख्खी सकाळ बरोबर होतात."

"हो."

मग तीच सांगू लागली. नाक सरळ, पण अगदी सरळ नाही. भुवया दाट. हसताना गालाला खळी पडायची. कुठल्या? तिनं डावा हात उचलला, समोर कुणी बसल्यासारखा हवेत धरून पाहिला. मग उजवा. दोनच महिने झाले होते.

"राहू द्या," ती म्हणाली. "चाळवाल्यांना चालेल. मला कळेल."

ती फोटोंवर वाकली. बारापैकी एकाही फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. नजर थोडी वर, डावीकडे. ओठ हसू दाबल्यासारखे. रमाकांत हे आपलं कौशल्य समजला होता.

मालननं एका फोटोतल्या आपल्या डोळ्यांवर बोट ठेवलं. नजर जात होती तिकडे ते हळूहळू सरकवलं; डाळिंबी फुलांवरून, पांढऱ्या किनारीवरून, फोटोच्या बाहेर.

"हे इथं होते," ती म्हणाली.

रमाकांतनं पाहिलं. तिथं टेबल होतं.