मामंजी पायरीवर बसले

सासरे ज्ञानूअण्णा समाजमंदिराच्या दारातून आत आले, तशी संयोगिता सरपंचाच्या खुर्चीवरून उठली आणि पदर पुढे ओढून सतरंजीवर बायकांत जाऊन बसली. ती सरपंच झाल्यापासून हे असंच चालू होतं. सासऱ्यासमोर सुनेनं खुर्चीवर बसायचं नाही, ही नेसरीकडच्या त्या गावाची रीत. उपसरपंच बाळासो ती चांगलीच ओळखून होता. म्हणून दर ग्रामसभेला तो ज्ञानूअण्णांना घरी जाऊन मोठ्या मानानं घेऊन यायचा, आणि रिकाम्या खुर्चीत आपण बसून सभा गुंडाळायचा.

आज विषय घराचा होता. उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायचं. कधी नव्हे ते गावातल्या सगळ्या बायका आल्या होत्या. आज हात हलवत परत गेल्या तर त्या पुन्हा फिरकायच्या नाहीत, हे संयोगिताला कळत होतं.

"सरपंच खाली बसल्यात," बाळासो खुर्ची ओढत म्हणाला. "तवा सभा मीच चालवतो. घराचा इषय पुढच्या टायमाला बघू."

ज्ञानूअण्णा उठले. काठी टेकत बाहेर गेले आणि सभेकडे पाठ करून पायरीवर बसले.

"अण्णा, आत या की," बाळासो म्हणाला. "तुमी भाईर बसायचं व्हय?"

"सून वर बसल्याली मी बघायची न्हाय," ते रस्त्याकडे तोंड करूनच बोलले. "आता मला काय दिसत न्हाय. बस गं पोरी."

संयोगिताला भरून आलं. म्हाताऱ्यानं आपली रीतही मोडली नव्हती आणि तिची वाटही मोकळी केली होती. सासरा मिळावा तर असा, असं तिला मनापासून वाटलं. ती खुर्चीवर बसली. विषय तिनं पुरता वाचला.

"पहिलं घर कुणाचं लिहू?"

पुरुष एकमेकांकडे बघू लागले. कुणी तंबाखू मळायला घेतली. बाळासो गालातल्या गालात हसला.

"माझं लिव्ह," पायरीवरून आवाज आला. "ज्ञानू. आन् चिमणाबाई."

संयोगिताची सासू सतरंजीवर एकदम ताठ झाली. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, ही पण त्याच गावची रीत. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या तोंडून तिनं 'अगं'च्या पुढं काही ऐकलं नव्हतं.

तिनं शेजारच्या बनाबाईला कोपरानं ढोसलं.

"तू बी आयकलंस न्हवं गं?"