पाण्याखालची गल्ली

ताप चढला की झिलू सुप्याला जायचा.

सुपा गाव तर केव्हाच धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. गावातली माणसं उठून रामनगरला, सरकारनं आखून दिलेल्या सरळ रस्त्यांवर राहायला आली होती. झिलू लॉरीवर क्लीनर म्हणून गोव्याच्या खाणींकडं हिंडला आणि खोकला घेऊन परतला. बेळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. एड्सचं दुखणं होतं, आणि त्यावरचं औषध अजून आपल्यासारख्यांच्या हाताला लागत नव्हतं. "पण आत्ता याला खातोय तो क्षय," डॉक्टर म्हणाले, "त्याच्या गोळ्या महिनोन्महिने न चुकवता घेतल्या, तर माणूस उभा राहील."

म्हणून अंगणवाडीतली अनुसया रोज तिन्हीसांजेला कडेवर तान्ही लेक घेऊन यायची आणि आपल्यासमोर गोळ्या घ्यायला लावायची. जुन्या गावात ती झिलूची शेजारीण. महिनाभरात ताप उतरला, तो अंगणात बसू लागला. मग एकाएकी पुन्हा सुकत चालला.

"अक्का," त्याची बायको सुंदरी परड्यात नेऊन कुजबुजली, "गोळी गालात ठेवतो, आन् तू गेलीस की थुकतो."

अनुसया तरातरा आत आली. "झिल्या, लाज हाय का न्हाई?"

तो भिंतीकडं बघून हसला. "गोळी घेतली की ताप जातो. ताप गेला की गाव जातंय."

"कुठलं गाव?"

"आपलं. पाणी हिरवंगार असतंय, पर श्वास घेता येतोय. कौलांवरनं मासळी फिरती. आमच्या घरात चूल पेटलेली असती, पाण्यात बी. आई पेज ढवळत असती. बस म्हणती, वाढते."

मेलेल्या माणसानं सपनात वाढलेलं खाल्लं की खाणारा त्याच्याच वाटेनं जातो, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"खाल्लंस?"

"अजून न्हाई. गरम हाय म्हणती."

घरी आल्यावर लेकीला पाजता पाजता अनुसया डोळे मिटून सुप्यातल्या त्या जुन्या गल्लीत शिरायला गेली. घरं डोळ्यांपुढं येईनात. एक पेरूचं झाड आलं, तेही कुणाचं ते आठवेना. लेक पिता पिता झोपली, तरी ती तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी गोळी पुढे धरून तिनं विचारलं, "नदीच्या संगमावरनं वर आलं की आपल्या गल्लीत पहिलं घर इंदुबाईचं ना रं?"

"इंदुबाईचं?" झिलू उठूनच बसला. "डोस्कं फिरलं काय तुझं? पहिलं बाबुराव शिंप्याचं. दारातच मशीन."

"आन् दुसरं?"

"दुसरं..."

"थांब. आधी ही गीळ. आता तोंड उघड. जीभ वर कर."

"पोलिसात लागलीस व्हय?" तो करवादला, पण गिळली.

तसं गाव येऊ लागलं, गोळीमागं घर. कधी त्याला मळमळायचं, कधी तो चिडून तोंड फिरवायचा. मग त्या दिवशी गोळी पोटात जाईपर्यंत बाबुरावाच्या मशीनपाशीच बसून राहावं लागे. तिन्हीसांजेचा उजेड खोलीत पाण्यासारखा साचायचा. त्यात पेरूचं झाड हलायचं, मशीन खडखडायचं. सुंदरी हातातलं काम टाकून उंबऱ्याशी येऊन बसायची. ती गुंद गावची, लग्न होऊन आली तेव्हा गावाच्या जागी नुसतं पाणीच होतं.

ताप गेला. सपनंही गेली. आणि एका संध्याकाळी बोलता बोलता ते झिलूच्याच घराशी पोचले.

त्यानं अनुसयाचा गोळीचा हात बाजूला सारला. "हितनं पुढं मी एकटा जातो. ताप येऊ दे."

अनुसयाकडं पुढं विचारायला काही नव्हतं. गल्ली संपली होती. लेक तिच्या पदराशी खेळत होती आणि तिला रडू आवरेना.

तेव्हा सुंदरी बोलली. "व्हय, जावा की. सासूकडं एकटंच जावा. आन् मी? माप न ओलांडताच तुमच्या घरात नांदते हाय. त्या दारात मला कोण घेणार?"

झिलूनं तिच्याकडं पाहिलं. त्या दिवशी गोळी कुणीच घेतली नाही, कुणी दिलीही नाही. वाटेला लागताना अनुसयानं ती सुंदरीच्या मुठीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी लेकीचं अंग तापलं, म्हणून अनुसयाला निघायला उशीर झाला. धावतच आली, तर दार लोटलेलं आणि आत बोलणं चाललेलं.

"उंबरा उंच हाय," झिलू सांगत होता. "उजवा पाय आधी. माप हळूच लवंड, तांदूळ आत पडाय पायजेत."

"आधी गोळी."

"अगं, आई दारात उभी हाय..."

"असू दे. थांबतील त्या. जीभ दावा."

"अक्काच्या वरताण झालीस तू."

पाणी घशाखाली उतरल्याचा आवाज आला. अनुसया पायरीवरच टेकली, लेकीला पदरात घेऊन.

"हं," सुंदरी म्हणाली, "आता धरा माझा हात."